सण जुना नको, ऋतूतला हवा

युरोप-अमेरिकेत हल्ली बरीच मंडळी स्वतःला 'पेगन' म्हणवून घेतात आणि वर्षातून आठ सण साजरे करतात. डिसेंबरातल्या सगळ्यात मोठ्या रात्री यूल, जूनमधल्या सगळ्यात मोठ्या दिवशी लिथा, मार्चच्या संपातदिनाला ओस्तारा आणि सप्टेंबरच्या संपाताला मेबन. या चारांच्या मधोमध आणखी चार: इंबोल्क, बेल्टेन, लूनसा आणि साविन. पोथी नाही, भटजी नाही. शेकोटी, मेणबत्त्या, त्या महिन्यात मिळणारी फुलं-फळं, घरी भाजलेला पाव, एवढ्यावर भागतं. करणारे लोक तुमच्या-माझ्यासारखेच असतात. सोमवारी सकाळी तेही मीटिंगला हजर असतात.

यावर आपल्याकडच्या शिकलेल्या माणसाची प्रतिक्रिया दोनपैकी एक असते.

१. "सगळं बनावट आहे हो. हिप्पी लोकांचे चाळे. शंभर वर्षंसुद्धा झाली नाहीत."

२. "बघा, त्यांच्याकडेही पूर्वी आपल्यासारखंच होतं. त्यांचं बुडालं, आपलं मात्र हजारो वर्षं अखंड चालू आहे. शिवाय शास्त्रशुद्ध!"

पहिला माणूस स्वतःला पुरोगामी समजतो, दुसरा परंपरेचा पाईक. दोघांचं एकमेकांशी पटत नाही. पण दोघांच्या हातात मोजपट्टी एकच आहे: सण किती जुना? माझं भांडण या मोजपट्टीशीच आहे. ऋतूच्या सणाला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. ज्या ऋतूच्या नावाने हा सण चाललाय, तो ऋतू आज, या गावात, खिडकीबाहेर आहे का?

आधी पहिल्या गटाचं बघू. त्यांची माहिती बरोबर आहे, उगाच नाकारायचं कारण नाही. आठ सणांचं हे चक्र असंच्या असं कुठल्याही प्राचीन जमातीने पाळल्याचा पुरावा नाही. मधले चार सण आयर्लंडच्या मध्ययुगीन लिखाणात सापडतात. सूर्याचे चार सण उत्तर युरोपात वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या लोकांकडून, कमी-अधिक प्रमाणात आलेले. दोन्ही एकत्र गुंफून आठांची माळ केली ती १९५० च्या दशकात, इंग्लंडमध्ये, जेराल्ड गार्डनरच्या विक्का पंथाने आणि त्याचा मित्र रॉस निकोल्स याच्या ड्रुइड मंडळींनी. लिथा, ओस्तारा, मेबन ही नावं तर १९७० च्या दशकात एडन केली या अमेरिकन माणसाने चिकटवली. त्यातला मेबन हे वेल्श कथांमधलं एक पात्र आहे, सुगीशी त्याचा काही संबंध नाही. ओस्ताराच्या मागे जी वसंतदेवी सांगतात, तिचा मूळ आधार म्हणजे बीड नावाच्या इंग्रज साधूच्या (आपला जिल्हा नव्हे!) इ.स. ७२५ च्या ग्रंथातला एक त्रोटक उल्लेख. ब्रिस्टल विद्यापीठातले इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९० च्या दशकात हे सगळं नीट उकरून मांडलं. गंमत म्हणजे त्यांची पुस्तकं आवडीने वाचणाऱ्यांत पेगन मंडळीच पुष्कळ असतात.

स्टोनहेंजचंही तेच. २१ जूनच्या पहाटे तिथे जमणाऱ्या पांढऱ्या झग्यांतल्या ड्रुइडांचे फोटो दरवर्षी पेपरात येतात. पण ते मोठाले दगड उभे राहिले इ.स.पू. २५०० च्या सुमाराला, आणि ड्रुइडांचा लेखी उल्लेख सुरू होतो त्यानंतर दोन हजारांहून जास्त वर्षांनी. एवढंच नाही. जवळच्याच डरिंग्टन वॉल्सच्या उत्खननात डुकरांची हाडं ढिगाने सापडली, आणि त्यातली बरीचशी डुकरं नऊ महिन्यांच्या आसपास मारलेली. वसंतात जन्मलेलं डुक्कर नऊ महिन्यांचं कधी होतं? भर हिवाळ्यात. म्हणजे त्या काळचे लोक जेवणावळीला जमत होते ते बहुधा डिसेंबरात. आज गर्दी जूनमध्ये होते, कारण इंग्लंडात उघड्यावर रात्र काढायची तर जूनच बरा.

बरं, मग? म्हणून काय बिघडलं?

स्वीडनचा मिडसोमर घ्या. युरोपातला ऋतूचा सगळ्यात लाडका सण. १९५३ पासून त्यांनी तो सरळ शनिवारी आणून ठेवला, २० ते २६ जूनमधला शनिवार. म्हणजे आदल्या संध्याकाळपासून मोकळे! कुणाची परंपरा बुडाली नाही. आइसलँडमध्ये हिवाळ्यात 'थोरी' महिन्याच्या जेवणावळी होतात, आंबवलेले, खारवलेले, आपल्याला नाव ऐकूनच मळमळेल असे पदार्थ. त्या जेवणाचं आजचं ताट लोकप्रिय केलं १९५८ साली रेकयाविकमधल्या एका हॉटेलने. एडिंबरातल्या काल्टन टेकडीवर ३० एप्रिलच्या रात्री बेल्टेनच्या मशाली नाचवतात, ते १९८८ पासून. आणि दुसऱ्यांवर हसण्याआधी आपला घरातला गणपती मांडवात कधी आला ते आठवा. १८९३. तोवर 'सार्वजनिक' हा शब्द गणपतीला लागत नव्हता. म्हणून काय ढोल-ताशा बनावट आहे का?

प्रत्येक सणाची कधीतरी पहिली आवृत्ती असते. तेव्हा तो कुणीतरी जुळवलेलाच असतो, आणि शेजारचे "हे काय नवीन खूळ" असंच म्हणत असणार. त्यामुळे "नवीन आहे" हा आक्षेपच होऊ शकत नाही.

आता दुसरा गट. हे प्रकरण जास्त गंभीर आहे, कारण इथे नुसती टिंगल नाही, चुकीची माहिती आहे. आणि ती आपण पोरांना सांगतो.

दर १४-१५ जानेवारीला फोनवर संदेश येतात. आज सूर्य उत्तरेकडे वळतो, आजपासून दिवस मोठा होतो, पाहा आपल्या पूर्वजांचं विज्ञान. अहो, सूर्य वळून तीन आठवडे झाले! तो वळतो २१ किंवा २२ डिसेंबरला. मकर संक्रांत आणि उत्तरायणाचा आरंभ हे दोन्ही एका दिवशी येत होते, पण साधारण सतराशे वर्षांपूर्वी. आपलं पंचांग सूर्याची जागा तारकांवरून मोजतं, ऋतू मात्र पृथ्वीच्या आसाच्या कलण्यावर ठरतात, आणि तो आस भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो. त्यामुळे संक्रांत दर ७२ वर्षांना सुमारे एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा. त्या दिवशी संक्रांत होती. आज ती १४-१५ ला आहे. (याच हिशोबाने १७६१ साली संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास होती. तेव्हा पानिपतची लढाई १४ जानेवारीला झाली म्हणजे ती ऐन संक्रांतीलाच झाली, हेही जाता जाता सोडून द्या.) असंच चालू राहिलं तर सातेक हजार वर्षांनी आपण एप्रिलच्या उन्हात गुळाची पोळी खात असू.

बरं, हे काही मी शोधून काढलेलं नाही. आपल्या लोकांना हे नीट माहीत होतं. टिळकांनी याच सरकण्यावरून वेदांचा काळ काढायचा प्रयत्न केला, 'ओरायन' हे पुस्तक पुन्हा त्याच १८९३ सालचं. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत आजही संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती बसली १९५२ साली. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून जे राष्ट्रीय सौर कॅलेंडर लागू झालं, त्यात वर्ष सुरू होतं वसंत संपाताच्या लगेच नंतर, २२ मार्चला, लीप वर्षात २१ मार्चला. म्हणजे ऋतूशी घट्ट बांधलेलं. वापरतं कोण? सरकारी राजपत्र आणि आकाशवाणीच्या बातम्या.

दोष माहीत आहे, दुरुस्ती तयार आहे, पण उत्पादनात टाकायची कुणाची छाती नाही. का? कारण सणाचं सगळं वजन आपण त्याच्या जुनेपणावर टाकलंय. जुनेपणा हाच पाया म्हटला की दुरुस्ती म्हणजे पाप होतं.

मुंबईकरांना आणखी एक उदाहरण जवळचं आहे. पारशी नववर्ष. मूळ सण वसंत संपाताचा, नवरोज. पण ३६५ दिवसांच्या वर्षात लीप दिवस धरायचा राहिला आणि सरकत सरकत वसंताचा सण येऊन पडला ऑगस्टच्या धो धो पावसात. इराणात तो अजूनही संपाताचा क्षण गणितानं काढून, त्या मिनिटाला साजरा होतो. मुंबईतल्याही काही पारशांनी १९०६ च्या सुमारास फसली कॅलेंडर स्वीकारून २१ मार्चला यायचं ठरवलं. बहुसंख्य आले नाहीत. (पोस्टाने पाठवलेली राखी भाऊबीजेला पोचावी तशातला प्रकार!)

आता याच्या उलट बाजू बघा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या पेगन लोकांसमोर मोठाच पेच होता. चक्र इंग्लंडात बनलेलं, आणि यांचे ऋतू बरोब्बर उलटे. त्यांनी काय केलं? बहुतेकांनी चक्र सहा महिन्यांनी फिरवून टाकलं. यूल जूनमध्ये, लिथा डिसेंबरात. ज्यांच्या परंपरेला 'बनावट' म्हणून आपण हसतो त्यांनी बाहेरची थंडी बघितली आणि तारीख बदलली. पाच मिनिटांचं काम.

आणि आपण? मेलबर्न-सिडनीच्या महाराष्ट्र मंडळांत संक्रांतीचं हळदीकुंकू कधी असतं? जानेवारीत. तिथला जानेवारी म्हणजे आपला मे, पारा कधी कधी चाळिशीला टेकतो. त्या उन्हात काळ्या साड्या, काळे कुर्ते आणि उष्ण म्हणून तिळगूळ. काळा रंग ऊन शोषतो, थंडीत ऊब देतो, तीळ अंगात उष्णता आणतो, हे शास्त्र आपणच सांगतो ना? मग निदान आपल्या शास्त्राचं तरी ऐका! तिथली खरी संक्रांत जूनमध्ये आहे. त्या बायाबापड्यांच्या हौसेबद्दल मला काही म्हणायचं नाही. परदेशात चार मराठी माणसं जमतात ही चांगलीच गोष्ट. पण मग तो 'भेटीचा सण' म्हणा. शास्त्राचं नाव घेऊ नका.

न्यूझीलंडने तर २०२२ पासून मातारिकीची सार्वजनिक सुट्टी सुरू केली. मातारिकी म्हणजे आपल्या कृत्तिका. तिथल्या भर हिवाळ्यात पहाटे कृत्तिका पुन्हा दिसू लागल्या की माओरी लोकांचं नवं वर्ष. देशाच्या सुट्ट्यांच्या यादीत एक तारकापुंज येऊन बसला, तोही याच दशकात.

इतकं लांब कशाला, गोव्याला जा. युरोपात २४ जून हा सेंट जॉनचा दिवस. मिडसमरच्या जुन्या होळ्या त्याच दिवसाला चिकटल्या, लोक आग पेटवून वरून उड्या मारायचे. पोर्तुगिजांबरोबर हा संत गोव्यात आला. पण गोव्यात जूनअखेरीला होळी पेटवणार कशी? ओलं लाकूड धुपतसुद्धा नाही. मग गोवेकरांनी काय केलं, तर डोक्यावर पानाफुलांची 'कोपेल' घालून, काठोकाठ भरलेल्या विहिरीत उड्या मारल्या! हाच तो सांजाव. नव्या जावयाचं कौतुक, फेणी, शिवोलीला सजवलेल्या होड्या. तीच तारीख, तोच संत, पण आगीच्या जागी पाणी. युरोपातला उन्हाळ्याचा सण गोव्यात आला आणि पावसाचा झाला. दुसऱ्या देशाचा सण आपल्या मातीत कसा रुजवावा याचं इतकं सुंदर उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही.

म्हणूनच पुण्यात हल्ली कुणी कुणी यूलच्या मेणबत्त्या वगैरे लावतात, त्यांनाही माझा रामराम. लंडनमध्ये जूनचा मोठा दिवस साडेसोळा तासांचा आणि डिसेंबरचा लहान दिवस आठ तासांहून कमी. तिथला माणूस चार वाजता अंधारात ऑफिसातून घरी जातो. सूर्य परत यायला लागला याचा त्याला खरोखर आनंद होतो. पुण्यात हाच फरक सव्वातेरा आणि अकरा तासांचा. आपल्याला सूर्याचा विरह ठाऊकच नाही. आपला विरह पावसाचा. त्यांचं चक्र उचलून इथे बसवणं म्हणजे मेलबर्नच्या काळ्या साडीचीच दुसरी बाजू.

मग आपलं काय? पोळा, नारळी पौर्णिमा हे ऋतूचेच सण आहेत, पण बैल आणि होडी असलेल्या माणसाचे. पंधराव्या मजल्यावर एसी चोवीसवर लावून बसलेल्या माणसाने मातीचे बैल पुजावेत, जरूर पुजावेत, पण त्याने त्याला ऋतू कळणार नाही. आपल्याला आपले सण लागतील. त्यासाठी दोन-तीन गोष्टी सुचवतो.

एक, शून्य सावलीचा दिवस. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे अख्ख्या महाराष्ट्रात आणि गोव्यात वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. पुण्या-मुंबईत हे मेच्या मध्यावर होतं. (दुसऱ्यांदा जुलैअखेरीला, पण तेव्हा ढगांमुळे दिसणं कठीण.) स्टोनहेंजच्या ड्रुइडाने जन्मभर तपश्चर्या केली तरी त्याला इंग्लंडात हा दिवस मिळणार नाही. सोसायटीच्या गच्चीवर एक नळकांडं उभं करा, पोरांना बोलवा, पन्हं वाटा. झाला सण.

दोन, पहिला पाऊस. खरं सांगायचं तर हा सण आपण आधीच साजरा करतो. पहिल्या सरीनंतरच्या शनिवारी गाड्या काढून लोणावळ्याला जाणारी, भिजत भाजलेलं कणीस खाणारी पुण्या-मुंबईची पोरं हीच महाराष्ट्रातली खरी पेगन. फक्त त्यांना ते माहीत नाही, आणि त्यामुळे त्या सणाला रीत नाही. रीत नाही म्हणून कचरा आणि ट्रॅफिक आहे. कंपनीत एक ऐच्छिक सुट्टी पहिल्या पावसाची मागून बघा. एचआर विचारेल, तारीख काय? तारीख नाही हेच तर त्यात महत्त्वाचं!

आणि तीन, झाडं. आपल्या रस्त्यावरचा बहावा कधी फुलला, पळस कधी पेटला, ती तारीख सोसायटीच्या फळ्यावर लिहायची आणि त्या संध्याकाळी झाडाखाली चहा प्यायचा.

यावर कुणी म्हणेल, ही सगळी भरल्या पोटाची चैन आहे. मी म्हणतो, मुळीच नाही. क्योतोमध्ये चेरीच्या फुलांचा बहर कधी आला याची नोंद नवव्या शतकापासून मिळते. कुणी शास्त्रज्ञ बसले नव्हते. दरबारी लोक फुलं बघायला जमायचे, मेजवान्या करायचे आणि रोजनिशीत लिहून ठेवायचे. आधुनिक संशोधकांनी त्या मेजवान्यांच्या तारखा काढल्या आणि हवामानाचा बाराशे वर्षांचा हिशोब हातात आला. २०२१ साली पूर्ण बहर २६ मार्चला आला, तोवरच्या सगळ्या नोंदींत सर्वात लवकर. हे आपल्याला कळलं ते कुणीतरी फुलांचा सण फुलं आल्यावर केला म्हणून. गणित करून तारीख आधीच छापून टाकली असती, तर त्या बाराशे वर्षांतून एक कणभर माहिती मिळाली नसती.

आपले बहुतेक सण आधी छापलेले आहेत. दिवाळीत पाऊस पडला तरी दिवाळी त्याच दिवशी, होळीला पळस झडून गेला असला तरी होळी त्याच दिवशी. २०२५ साली मान्सून मुंबईत २६ मेला थडकला, नेहमीची तारीख ११ जून. दोन आठवडे आधी! शेतकऱ्याची झोप उडाली. आपण काय केलं? पाणी तुंबल्याचे व्हिडिओ बघितले, घरून काम केलं आणि विसरलो. आपल्याकडे त्या दिवसाला बांधलेलं काहीच नव्हतं. ऋतू घसरत चाललेत, आणि ते ज्यांच्या डोळ्यांसमोर घसरतायत त्यांच्याकडे एकही खूण नाही.

तेव्हा संक्रांतीला तिळगूळ जरूर घ्या, मीही घेणार. नवरात्रात गरबा खेळा. पण वर्षातला एक तरी सण असा ठेवा, ज्याची तारीख कालनिर्णयमध्ये बघता येत नाही, खिडकी उघडूनच बघावी लागते. आणि पोराने विचारलं, "बाबा, सूर्य आज वळतो का?" तर त्याला बावीस डिसेंबर सांगा. पूर्वज रागावणार नाहीत. आकाशाकडे बघूनच त्यांनी सगळं मांडलं होतं. बघणं बंद केलंय ते आपण.

माझ्या यादीत सध्या शून्य सावली, पहिला पाऊस आणि कोपऱ्यावरचा बहावा आहे. तुमच्या गावात काय आहे?